सी-ए-टी कॅट थांबवा, ग म भ न आठवा

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा पाच वर्षांचा, रिसेप्शनमध्ये, म्हणजे तिथल्या शाळेच्या पहिल्याच वर्गात. घरी बाबा रोज सी-ए-टी कॅट, बी-ए-टी बॅट असं पाठ करून घेतात आणि टीचर म्हणते प्लीज असं करू नका, तो गोंधळतोय. आता मिस्टरांना वाटतंय की हे सगळं मराठीमुळेच होतंय, तर काही दिवस घरात मराठी बंदच करूया.

ताई, टीचरचं बरोबर आहे, मिस्टरांचं दोन्हीकडे चुकतंय, पण सांगताना जरा गोडीत सांगा.

आपण सगळे ए फॉर ॲपलवाले, अक्षराचं नाव आधी शिकलो. इंग्लंडमधल्या शाळा आधी अक्षराचा आवाज शिकवतात, यालाच फोनिक्स म्हणतात, आणि तेही एबीसीच्या क्रमाने नाही, बऱ्याच ठिकाणी एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून, कारण एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप असे ढीगभर शब्द वाचता येतात. विचित्र वाटतंय? अहो, आपल्याला पण बालवाडीत क ख ग च्या आधी ग म भ न च गिरवायला दिलं होतं की, आणि दोन दिवसांत आपण मग, मन, नभ, गमन वाचत होतो.

आता खरी मेख. माझ्या मुलीला मी ब, ॲ, ट असं म्हणून दाखवायचे आणि ती बिचारी इमानदारीत जोडून म्हणायची "बअ‍ॅटअ", आणि मग माझ्याकडे बघत बसायची की हा कुठला प्राणी. कारण आपल्या ब मध्ये अ लपलेला असतो. त्यावरचा उपाय पण मराठीतच आहे, अक्षराचा पाय मोडायचा. ब्, ॲ, ट्. स् आणि म् तर मस्त लांबवता येतात, स्स्स्स, म्म्म्म. एस-एच ही अक्षरं दोन पण आवाज एकच, श्. बाबांना म्हणावं हलन्त येतो ना, मग तुम्ही अर्धे फोनिक्स टीचर आहातच! आणि मुलाने विचारलं की सी कधी क् आणि कधी स् का, तर त्याला चार आणि चारा म्हणून दाखवा, आपला च पण तेच करतो. फक्त व्ही आणि डब्ल्यू जपून, आपल्या तोंडात दोन्ही व च येतात, व्हेस्ट म्हणताना दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत आणि वेस्टला ओठ गोल.

पुढच्या वर्षी, म्हणजे इयर वनच्या जूनमध्ये फोनिक्स चेक असतो, २०१२ पासून सुरू आहे. ४० शब्द, त्यातले २० चक्क खोटे, अर्थ नसलेले, शेजारी एलियनचं चित्र. आतापर्यंत ३२ ला पास धरत आलेत, नाही झालं तर इयर टूमध्ये परत. टीचरसमोर पाच-दहा मिनिटं बसायचं असतं, बाकी काही नाही. त्यासाठी क्लास लावू नका, प्लीज.

वाचनाची गोडी हे मात्र वेगळंच खातं आहे. शाळेतून येणारं पुस्तक सोपं असतं, ते त्याने तुम्हाला वाचून दाखवायचं, दहा मिनिटं, अडला तर आवाज सांगा आणि पुढे जा. लायब्ररीतलं पुस्तक मात्र तुम्ही त्याला वाचायचं, कितीही अवघड असू दे, मध्येच "हे काय लिहिलंय सांग" नको! आमच्याकडे मी हे दोन्ही एकत्र करून बघितलं, मुलीने पुस्तक सोफ्याखाली लपवलं. लायब्ररी कार्ड फुकट आहे, उन्हाळ्यात तिथेच समर रीडिंग चॅलेंज म्हणजे सुट्टीत पुस्तकं वाचायचा उपक्रम असतो, स्टिकरसाठी मुलं धावत जातात.

आणि मराठी बंद वगैरे अजिबात नको. उलट ज्या मुलाच्या कानावर भरपूर गोष्टी पडतात ना, त्याला पुस्तकात काय असतं ते आधीच कळलेलं असतं, भाषा कुठलीही असो. स्टोरीवीवर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, चित्रांसकट. आजीला व्हिडिओ कॉलवर वाचायला सांगा, फक्त तुमची झोपायची वेळ जमणार नाही, तिकडे भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, आणि शनिवारी सकाळी दहाला केलात तर आजीची दुपारची झोप. आम्ही नऊ ठरवलंय, आजी आधी जरा कुरकुरली, आता आठ पन्नासलाच चष्मा लावून बसलेली असते.