140 अर्ज, एकही फोन नाही

"ताई, 140 ठिकाणी अप्लाय केलं, एकही फोन नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे ना?"

बडोद्याच्या दांडिया बाजारातली पोरगी, एम. एस. युनिव्हर्सिटीची बी.कॉम., घरात आजोबांचं आजारपण त्यामुळे गाव सोडायचा प्रश्नच नाही, म्हणून घरून करता येईल असाच जॉब हवा. (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात.) आई सोबत आलेली, ती म्हणे दिवसभर लॅपटॉप उघडून बसते नि संध्याकाळी रडते.

खरं सांगू, पहिल्या भेटीत माझंच चुकलं. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, धीर धर, आत्मविश्वास ठेव वगैरे, ती मान डोलावून गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा म्हटलं चल, आज तुझी ती लिस्टच दाखव. एक्सेल शीट होती, तारखांसकट. एकेक जाहिरात उघडून वाचत बसलो तर वर मोठ्ठं रिमोट लिहिलेलं आणि खाली बारीक अक्षरात, फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी. कारण दुसऱ्या देशातला माणूस पगारावर ठेवायचा तर तिथला टॅक्स, तिथले कामगार कायदे सगळं कंपनीच्या गळ्यात येतं. अशा निम्म्याहून जास्त निघाल्या! तिथे हिचा बायोडेटा कोणी वाचला असेल असं मला तरी वाटत नाही, नि ही बया त्यावरून स्वतःला नापास करून बसलेली.

तीन तर सरळ फ्रॉड. टेलिग्रामवर हॉटेलांना लाइक द्या नि पैसे कमवा, आधी 150 रुपये खरंच खात्यात येतात, मग पुढच्या टास्कसाठी आपल्यालाच भरायला लावतात. एकाने लॅपटॉप पाठवतो म्हणून 4,500 डिपॉझिट मागितलेलं, आईने दिले नाहीत म्हणून वाचली. कोणाचे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच काही हाती लागतं.

मग बायोडेटा. त्यात मेहनती, टीम प्लेअर, एम.एस. ऑफिस. मी विचारलं, दोन वर्षं घरी बसून काय केलंस? काही नाही, म्हणे. तेवढ्यात आई, "अगं काकाच्या दुकानाचं सगळं तूच तर बघतेस!" मांडवीला काकांचं साड्यांचं दुकान, ऑनलाइन ऑर्डरी येतात, कुणाला रंग वेगळा आला, कुणाचं पार्सल सुरतेत अडकलं, ते सगळं ही घरबसल्या व्हॉट्सअ‍ॅपवर निस्तरते, गुजराती, हिंदी, मराठी नि वेळ पडली तर इंग्रजीतही, शिवाय टॅलीच्या एन्ट्र्या. आता याला कस्टमर सपोर्ट नाही तर काय म्हणायचं? पण घरचं काम म्हणून कागदावर आलंच नाही. मुलींच्या बाबतीत हे मी फार बघते.

ते लिहून काढलं, दिवसाला साधारण किती मेसेज, किती वेळात उत्तर. एका तापलेल्या गिऱ्हाइकाला तिने दिलेलं उत्तर होतं, ते नाव-नंबर झाकून इंग्रजीत करून नमुना म्हणून जोडलं, कारण अशा कामात तुम्ही लिहिता कसं तेच आधी बघतात. आणि आठवड्याला फक्त पाच अर्ज, भारतातून चालेल असं स्पष्ट लिहिलेलेच.

सातव्या आठवड्यात एका ब्रिटिश कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये झालं. कॉन्ट्रॅक्टवर, पैसे बरे, पीएफ नाही, सुट्ट्यांचं आधी लेखी विचार म्हटलं तर विचारून घेतलं तिने. शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. आई पेढे घेऊन आली पण पोरीचा चेहरा पडलेला. काय गं, तर म्हणे, "ताई, नवरात्रात गरब्याचं काय?"

बडोद्याच्या पोरीला हे विचारू नको कसं सांगणार. मी म्हटलं मॅनेजरशी बोलून बघ. परवा तिचा मेसेज आला, त्यांची पहाटेची ड्युटी तिकडे कोणालाच नको असते, ती हिने नऊ दिवस मागून घेतली, आपल्याकडची सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. खाली चणियाचोळीचा फोटो.