प्राणिशास्त्रात एमएस्सी म्हणजे नुसतं पाठांतर असतं का?

पाठांतर असतंच, वर्गीकरणाच्या पेपरात तर भरपूर. पण विद्यापीठात खरा वेळ जातो तो प्रयोगशाळेत.

आनुवंशिकतेच्या प्रयोगांसाठी बाटल्यांत वाढवतात त्या फळमाशीचंच घ्या. २५ अंश सेल्सिअसला अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस लागतात. संकरासाठी मादी कोरी हवी, म्हणजे तिचा आधी कुठल्याच नराशी संबंध आलेला नको; त्यासाठी कोशातून बाहेर पडल्यावर ८ तासांच्या आत ती नरांपासून वेगळी करायची. मग सकाळी लवकर येऊन बाटल्या रिकाम्या करा, माश्या गुंगवा आणि बारीक ब्रशनं एकेक उलटवत बसा: पोटाचं टोक काळं आणि पुढच्या पायावर इवलासा कंगवा दिसला की नर. एक नर नजरेतून सुटला की आठवड्याचं काम पाण्यात! (मी दोनदा केलंय.) अळीच्या लाळग्रंथीतली पट्टेदार गुणसूत्रं पहिल्यांदा स्वच्छ दिसली, तेव्हा मात्र सगळा वैताग विसरलो.

संख्याशास्त्र टाळू नका. प्रबंधाच्या वेळी सगळे तिथेच अडकतात. विच्छेदन आता बरंच कमी झालंय, त्याची धास्ती नको. आणि मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोलाच. विषय नंतरही बदलता येतो, मार्गदर्शक बदलणं महाकठीण.