कॅनडात डॉक्टर-नर्स होणाऱ्यांना मूळनिवासींचा इतिहास का शिकवतात?

कारण तिथे पूर्वग्रह जिवावर बेतलाय. २००८ मध्ये विनिपेगच्या एका इस्पितळात एक मूळनिवासी माणूस व्हीलचेअरवर ३४ तास ताटकळला. कॅथेटर (लघवीची नळी) तुंबून झालेला संसर्ग, म्हणजे उपचाराने बरा होणारा आजार. काहींना वाटलं, दारू पिऊन आलाय. तो खुर्चीतच गेला.

पुढे २०१५ मध्ये मूळनिवासींवरच्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने ९४ शिफारशी केल्या. त्यातली २४वी मेडिकल-नर्सिंगसाठी: निवासी शाळांचा (जिथे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवत) इतिहास, मूळनिवासींशी झालेले करार, त्यांचे हक्क शिकवा, वंशवादाविरुद्ध प्रशिक्षण द्या. पण शिकवणाऱ्यांत आणि प्रवेश देणाऱ्यांतच मूळनिवासी नसतील, तर पोरं परीक्षेपुरतं घोकून मोकळी होतात, असं माझं मत.