फणसाचे गरे सोडून झाडाचा आणखी काय उपयोग होतो?

गरे तर फार उशिरा येतात! आधी कोवळ्या फणसाची, म्हणजे कुयरीची भाजी. मग जून पण कच्च्या काप्याचे, म्हणजे कडक गऱ्यांच्या फणसाचे, तळलेले गरे. बरका, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचा फणस, पिकला की रस काढून फणसपोळी वाळवायची, नाहीतर तांदळाच्या कण्या घालून सांदणं वाफवायची. सोबत नारळाचं दूध हवंच. आठळ्या, म्हणजे बिया, टाकू नका. चुलीत भाजलेली आठळी मला तरी गऱ्यापेक्षा आवडते. सालं गुरांना, पानं शेळ्यांना. लाकूड पिवळसर आणि टिकाऊ: दारं, खिडक्या, शिवाय वीणा-मृदंगासाठीही वापरतात. फणस फोडताना हाताला आणि सुरीला खोबरेल लावा, चीक नुसत्या पाण्याने सुटत नाही.