कुळागराच्या वरच्या मातीच्या धरणाचा पायथा ओला असतो, काळजी करावी का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तुमच्या कुळागराच्या (सुपारी-माडांच्या बागेच्या) वरच्या अंगाला नऊएक मीटर उंचीचं सिंचनाचं मातीचं धरण आहे. त्याच्या पायथ्याशी बारा महिने ओल असते आणि यंदा ती वाढल्यासारखी वाटते, तर घाबरावं का? आणि दुसरा, वायंगणाला (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला) पाणी पुरत नाही म्हणून सांडव्यावर (तळं भरल्यावर जादा पाणी निघून जायच्या वाटेवर) फळ्या बसवून अर्धा मीटर पाणी वाढवायचं गावात चाललंय, ते चालेल का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. फळ्या बसवू नका, बसवू देऊही नका. ओलीला लगेच घाबरायचं कारण नाही, पण आजपासून ती मोजायला लागा.

मी सिंचनाच्या कामांवर कनिष्ठ अभियंता म्हणून नोकरी केली, आता डिचोली तालुक्यात घरचं कुळागर पाहतो. फळ्यांची कल्पना गावाला का सुचते ते मला कळतं. आपल्याकडे व्हाळाव्हाळांवर (ओढ्यांवर) बंधारे आहेत. पाऊस ओसरला की फळ्या घालायच्या, मे संपायच्या आत काढायच्या, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण बंधारा काँक्रीटचा नाहीतर चिऱ्याचा असतो. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं तरी त्याचं फारसं बिघडत नाही. मातीच्या भरावाच्या माथ्यावरून पाणी गेलं की कोरड्या बाजूचा उतार खरवडला जातो, घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत येते, आणि मग काही तासांत धरण उरत नाही. जगभरात मातीची धरणं फुटण्याच्या मोठ्या कारणांत हे पहिल्या रांगेतलं आहे.

थोडा हिशेब करू. तुमचा सांडवा १२ मीटर रुंद आहे असं तुम्ही लिहिलंय. माथ्याखाली राखायची मोकळी उंची सोडून सांडव्यावर एक मीटर पाणी चढू शकतं असं धरा. तेव्हा त्यातून सेकंदाला साधारण २० घनमीटर पाणी निघून जातं. अर्धा मीटर फळी बसवलीत की पाण्याला उरतो अर्धा मीटर, आणि निघून जाणारं पाणी होतं ७ घनमीटर. उंची निम्मी झाली, पण पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलं. आता वरून येतं किती ते पाहा. एक चौरस किलोमीटर डोंगरावर तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि जमीन आधीच तुडुंब भिजलेली असली, तर सेकंदाला १४ घनमीटरच्या आसपास पाणी तळ्यात उतरतं. जुलैत सत्तरीत असा तास नवलाईचा नाही. फळी नसताना तुमचं धरण हे पाणी सहज काढून देईल. फळी असताना तळं चढत राहील आणि रात्रीच्या अंधारात फळ्या काढायला कोणी त्या धारेत उतरू शकणार नाही.

‘आम्ही मे महिन्यात काढू की’ असं कोणी म्हणेल. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ गोव्याला झोडपून गेलं, ते आठवून पाहायला सांगा. शिवाय भरावाच्या आतली पाण्याची रेषा तळ्याच्या पातळीबरोबर वर चढते, म्हणजे पायथ्याची जी ओल तुम्हाला आज सतावते आहे, ती फळ्यांनी वाढेलच. पाणी खरंच वाढवायचं असेल तर उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढून घ्या (भरावाच्या पायथ्यालगत मात्र खणू नका) आणि पाटाची गळती बुजवा. पाटात जिरून जाणारं पाणी बहुतेक गावांच्या अंदाजापेक्षा बरंच जास्त असतं.

सांडव्याबद्दल आणखी एक. दक्षिण गोव्यातल्या साळावली धरणाचा बदकाच्या चोचीच्या आकाराचा सांडवा पाहायला लोक गर्दी करतात. त्याचं मोठेपण हे की त्याला दारं नाहीत. तळं भरलं की पाणी आपणहून आत कोसळतं, कोणी चाक फिरवायची गरज नसते. तुमचा छोटा सांडवाही तसाच मोकळा राहायला हवा. चढणीचे मासे धरायला लावलेली जाळी, वाहून आलेली झावळं, रानवेलींचं जंजाळ, सगळं मृगाच्या आधी काढा, आणि पावसात दर मोठ्या सरीनंतर कोणीतरी नजर टाकून या.

आता ओल. प्रत्येक मातीचं धरण पाझरतं. आत चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवत नाही, त्याचा वेग मारतो. जे झिरपतं ते वाळू-खडीच्या गाळणीतून पायथ्याच्या दगडी थरात येऊन बाहेर पडावं अशी रचना असते. तेव्हा पायथ्याशी थोडं, नितळ, वर्षानुवर्षं तेवढंच राहणारं पाणी हे धरण नीट चालल्याचं लक्षण आहे. धोका आहे तो बदलाचा. पाणी गढूळ झालं, किंवा तळं तेवढंच भरलेलं असताना पाझर वाढला, किंवा नवीन जागी फुटला, तर भरावातली माती बाहेर येत असण्याची शक्यता असते. आत नळीसारखं भोक तयार होतं, ते कोरड्या बाजूकडून पाण्याकडे वाढत जातं, आणि एकदा तळ्याला जाऊन मिळालं की सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून मोजायला सांगतो आहे. पायथ्याचं सगळं पाणी एका चरात गोळा करा आणि चराच्या तोंडाशी पत्र्याची आडवी पट्टी बसवून तिला काटकोनी व्ही आकाराची खाच पाडा. खाचेच्या टोकापासून पाणी ५ सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरहून थोडं जास्त वाहतंय, १० सेंटिमीटर असेल तर सव्वाचार लिटरहून थोडं जास्त. खाचेतली वाढ डोळ्याला लहान दिसते, पाण्यात ती मोठी असते, हे लक्षात ठेवा. मोजमाप पट्टीपासून थोडं मागे, संथ पाण्यात घ्या. तारीख, तळ्याची पातळी, खाचेतली उंची, आदल्या दिवशी पाऊस होता की नाही, एवढं वहीत लिहा.

जून ते सप्टेंबरमधले आकडे फार मनावर घेऊ नका. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या दिवसांत डोंगराचं पाणीही त्याच चरात येतं. यंदा ओल जास्त वाटते ती कदाचित एवढ्यानेच. खरा आकडा मिळतो तो पाऊस थांबल्यावर, तळं अजून काठोकाठ असताना, म्हणजे गणपतीची चवथ उलटून पाऊस पुरता ओसरला की. यंदाचा तो आकडा आणि पुढच्या वर्षी त्याच पातळीचा आकडा शेजारी ठेवले की तुम्हाला धरणाची तब्येत कळते. पावसात मात्र गढूळपणाकडे लक्ष द्या. पाझराचं पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा आणि तळाला माती बसते का ते पाहा.

इथे जांभ्याच्या मुलखातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे लोक विनाकारण धास्तावतात. पाझराच्या वाटेवर तांबूस बुळबुळीत थर आणि पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो. तो बहुधा लोहाचा आणि त्यावर जगणाऱ्या जिवाणूंचा असतो. काडीने ढवळा. तवंगाचे तुकडे तुकडे झाले तर लोह, परत जुळून आला तर तेल. याने धरण फुटत नाही, पण तो थर चर आणि गाळणी बुजवतो, तेव्हा चर साफ ठेवा.

नजर ठेवायच्या जागा तीन. पाटाला पाणी सोडणारी नळी भरावातून बाहेर येते तो भाग, भराव डोंगराला टेकतो ते दोन्ही कोपरे, आणि जिथे मूळ व्हाळ होता तो खोलगट पायथा. नळीला मी सगळ्यांत आधी पाहतो, कारण तिच्या कडेने माती नीट धुमसता येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेही मातीचं, काम अपुरं असलेलं धरण. पाणी सोडायच्या बोगद्यावरचा भराव खचत गेला आणि शेवटी पाणी माथ्यावरून गेलं. दोन्ही कोपऱ्यांत जांभ्याखालची पांढरट-गुलाबी मऊ माती उघडी पडलेली असेल तर तिथे जास्त वेळा जा, ती पाण्याने सहज धुपते.

खेकड्यांचं विचाराल तर, २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण फुटलं, वीसच्या आसपास माणसं गेली, आणि खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. खेकडे, उंदीर, साळिंदर बिळं पाडतात हे खरं आहे. पण गळती गावकऱ्यांनी आधीच कळवली होती. बीळ वेळेवर दिसून बुजवलं जात नाही, तेव्हा तो दोष देखभालीचा असतो. भरावावर गवत कापलेलं ठेवा म्हणजे बिळं, वारुळं, भेगा दिसतील. झाडं रोपं असतानाच उपटा. मोठं झाड नुसतं तोडू नका, मुळं आत कुजून पाण्याला वाट देतात.

कधी पायथ्याशी गढूळ पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येताना दिसलं तर भोक चिकण मातीने दाबून बंद करू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाका, म्हणजे पाणी येत राहील आणि माती आत राहील. पाटाचं पाणी सोडा. पण त्याआधी व्हाळाच्या काठावरची घरं आणि कुळागरात कामाला राहिलेली माणसं हलवा, ११२ ला फोन करा, पंचायत आणि जलस्रोत खात्याला कळवा. एरवी, घाईचं कारण नसताना, तळं झपाट्याने उपसू नका. पाण्याकडचा ओला उतार घसरतो. दिवसाला फूटभर उतरवणं पुरे.

शेवटी कायद्याचं. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. त्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. तुमचं नऊ मीटरचं धरण त्यातून सुटतं, म्हणून तपासणी मागून घ्यावी लागेल. धरण ज्या खात्याच्या किंवा संस्थेच्या ताब्यात असेल त्यांना लेखी अर्ज द्या, वहीतल्या आकड्यांची प्रत जोडा, एक प्रत पंचायतीला आणि एक मामलेदाराला द्या, पोच घ्या. नुसत्या ‘गळतंय’ या तक्रारीपेक्षा तारीखवार आकड्यांना उत्तर देणं टाळता येत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

पायथ्याचे आणि नळीच्या तोंडाचे फोटो इथे टाकलेत तर चर कुठून घ्यावा आणि खाच कुठे बसवावी ते सांगेन.