सातही तलाव भरले, मग नळ कोरडा का?

प्रश्न : पेपरात येतं मुंबईचे सातही तलाव भरले, ओव्हरफ्लो झाले, आणि तरी मधेच मेसेज येतो की उद्या पाणी नाही, भरून ठेवा. तलावात पाणी आहे तर अडतं कुठे?
(एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : तलाव आणि तुमचा नळ यांच्यात शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे, आणि भर पावसाळ्यात अडतं ते त्या रस्त्यातच. अप्पर वैतरणा पार इगतपुरीकडे, भरल्यावर पातळी समुद्रसपाटीपासून 603 मीटर. तिथून सोडलेलं पाणी नदीनेच मध्य वैतरणात (285 मीटर) येतं, मग मोडकसागरात (163 मीटर), आणि पुढे पाइप नि बोगद्यांतून भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात. तानसा 128 मीटरवर. उतारच एवढा की भांडुपपर्यंत पाणी आपलं आपण येतं, पंप लागत नाही. 1892 ला तानसाचं पाणी मुंबईत आलं तेही याच उतारावर, मला तर या सगळ्यात भारी हेच वाटतं.

भातसाचं तसं नाही. एकूण साठ्यातला जवळपास अर्धा एकट्या भातसात, पण ते पाणी नदीत सोडून पिसे बंधाऱ्याजवळ पंपाने उचलावं लागतं, मग पांजरापूरला शुद्ध होतं. पिसेची लाइट गेली की पंप बंद, आणि लाइट आली म्हणून लगेच पाणी येत नाही, पंप एकेक करून चालू करायचे, लाइन भरायची, मग कुठे प्रेशर येतं.

बोगद्याचंही तेच. ठाण्यात कोणीतरी बोअरवेल मारली ती थेट खालच्या पाण्याच्या बोगद्यात गेली, शंभर मीटरपेक्षा खोल, आणि दुरुस्तीसाठी 2023 च्या एप्रिलमध्ये महिनाभर मुंबईला 15 टक्के कपात सोसावी लागली. तलावात पाणी होतंच की तेव्हा.

शहरात आल्यावर पाणी आधी मलबार हिल, भंडारवाडा अशा जलाशयांत साठतं आणि ठरलेल्या वेळेला चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो तेव्हा तुमच्याकडे येतं. जलाशय अर्धाच भरला असेल तर पहिला फटका टेकडीवरच्या वस्तीला आणि लाइनच्या शेवटच्या टोकाला.

प्रश्न : मग साठा किती दिवस पुरतो?

उत्तर : सगळं मिळून साधारण 14.47 लाख दशलक्ष लिटर, रोजचा पुरवठा 3,900 च्या आसपास, म्हणजे जेमतेम वर्षभर. त्यातले विहार आणि तुळशी शहरातले, पण दोघांचं मिळून नऊ दिवसांचं पाणी.

प्रश्न : आम्ही शहापूर तालुक्यातले. तानसा, भातसा आमच्याकडे, आणि उन्हाळ्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. का?

उत्तर : धरणं दरीत आणि तुमचे पाडे वर डोंगरावर, पाणी वर चढवायला वेगळी योजना लागते, आणि मुंबईसाठी लाइन टाकताना ती कोणी केली नाही. उतार मुंबईच्या बाजूने होता हे खरं, पण ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्यासाठी पंप बसवणं काही अशक्य नव्हतं, तेव्हाच व्हायला हवं होतं. इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूरला उतारानेच पाणी आणायची योजना आहे. ग्रामसभेत तिचाच पाठपुरावा करा, आणि आपला पाडा तिच्या यादीत आहे का ते आधी बघून घ्या.