शोधलेल्या लघुग्रहाला आईचं नाव देता येतं का?

शोधमोहिमेत सापडलेल्या लघुग्रहाला दिवंगत आईचं नाव द्यायचं आहे, ते कधी आणि कसं, असा तुमचा प्रश्न आहे. देता येतं, पण नावाची पाळी सर्वांत शेवटी येते. आधी कक्षा पक्की व्हावी लागते.

जगभरच्या वेधशाळांची निरीक्षणं अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात. हे केंद्र आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या अधिकाराखाली चालतं. एकच पिंड दोन देशांत 'नवा' ठरू नये, म्हणून ही एकच नोंदवही.

तिथे आधी तात्पुरती संज्ञा मिळते. '२०२४ वायआर४' घ्या. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. आर हे आय वगळून सतरावं अक्षर आणि ४ म्हणजे पंचवीस अक्षरांचे चार फेरे झाले. म्हणजे त्या पंधरवड्यातला ११७वा. पुढे साधारण चार प्रतियुतींमध्ये (म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) तो पुन्हा दिसला, की कायमचा क्रमांक मिळतो. यात कित्येक वर्षं जातात आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. निरीक्षणं थोड्याच रात्रींची असली तर पुढच्या खेपेला तो आकाशात कुठे शोधायचा हेच सांगता येत नाही, पिंड हरवतो. कधी तो जुन्याच नोंदीतला निघतो आणि शोधाचं श्रेय दुसऱ्याकडे जातं. म्हणून मोहिमेत शोधकर्ता म्हणून कोणाची नोंद होते, हे आजच विचारून घ्या.

क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवण्याचा हक्क शोधकर्त्याकडे दहा वर्षं राहतो. नावासोबत ते का, हे सांगणारा छोटा मजकूर द्यावा लागतो. निर्णय संघाचा नामकरण गट घेतो. नाव रोमन लिपीत जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, मोकळ्या जागा धरून. आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव त्यात सहसा मावत नाही. माझ्या मते नुसतं पहिलं नाव उत्तम. मात्र आधीच्या एखाद्या नावाशी फार साम्य असेल तर ते नाकारलं जातं, तेव्हा यादी तपासा. राजकीय वा लष्करी कामासाठी ओळखल्या गेलेल्या व्यक्तीच्या मृत्यूला शंभर वर्षं व्हावी लागतात. जाहिरातीची नावं चालत नाहीत. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांना पुराणकथांमधली नावं देतात, त्यामुळे तुमचा पिंड मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला आहे ना, हे पाहून घ्या.

क्रमांक मिळालेले लघुग्रह सात लाखांहून अधिक आहेत, नावं मात्र सुमारे पंचवीस हजारांनाच आहेत.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत. ताऱ्याला नाव देण्याची प्रमाणपत्रं विकणाऱ्यांशी संघाचा काहीही संबंध नाही. ते नाव कोणत्याही खगोलीय नोंदीत जात नाही.